लॅपटॉपची बॅटरी अन् कीबोर्ड वॉरंटीत बदलून घ्यायचाय? या चुका टाळा

मे महिन्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण नागपुरात त्रिमूर्तीनगरात घरीच शिकवण्या घेते. तिचा फोन आला, "दादा, एंटर दाबलं का ते दाबलेलंच राहते, अन् टचपॅड क्लिकच नाही होऊन राहिलं." संध्याकाळी गेलो. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, तर तो डुगडुगला. नजर टेबलाच्या पातळीवर आणून बघितलं तेव्हा दिसलं की स्पेसबारच्या खालची पट्टी मधोमध वर आली आहे. कीबोर्ड बिघडला होता हे खरं, पण त्याला खालून ढकलत होती फुगलेली बॅटरी.

लॅपटॉप २ वर्षं १० महिन्यांचा, वॉरंटी ३ वर्षांची. दोन महिने हातात होते. त्या दोन महिन्यांत आम्ही काय बरोबर केलं आणि आधी काय चुकलं होतं, ते इथे लिहितो. ओळखीतल्या बऱ्याच घरी याच चुका होताना बघतो, आणि हक्काचा पार्ट पदरचे पैसे घालून घ्यावा लागतो.

'३ वर्षं वॉरंटी' म्हणजे सगळ्याच पार्टची नाही

सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. बॉक्सवर ३ वर्षं लिहिलेलं असतं, पण बऱ्याच कंपन्या बॅटरीला वेगळं धरतात आणि तिची मुदत साधारण १ वर्षाचीच असते. कीबोर्ड, मदरबोर्ड, स्क्रीन ३ वर्षं; बॅटरी १ वर्ष. काही बिझनेस मॉडेलना बॅटरीचीही ३ वर्षांची वॉरंटी असते, आणि काही कंपन्या बॅटरीची वाढीव वॉरंटी वेगळी विकतात. दुकानदाराने दिलेली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' ही तर अनेकदा कंपनीची नसतेच, ती विमा असते, आणि तिच्या अटींमध्ये बॅटरी वगळलेली असते. म्हणून तक्रार नोंदवण्याआधी कंपनीच्या सपोर्ट साइटवर सीरियल नंबर टाका आणि बॅटरीची तारीख वेगळी दिलीय का ते बघा. तळाचं स्टिकर घासून गेलं असेल तर तोच नंबर बहुतेक वेळा बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पहिल्या पानावर मिळतो.

तिथे दिसणारी सुरुवातीची तारीखही तपासा. पुष्कळदा ती तुमच्या बिलाची नसून माल कंपनीतून निघाल्याची असते. मशीन डीलरच्या गोदामात चार महिने पडून असेल, तर तुमचे चार महिने हिशेबात गेलेले असतात. पक्कं जीएसटी बिल अपलोड केलं की ही तारीख दुरुस्त करून मिळते, पण वॉरंटी चालू असतानाच करून घेतलेलं बरं. बिलावर सीरियल नंबर असायला हवा. थर्मल कागदावरचं बिल नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटातच कोरं होतं, म्हणून खरेदीच्या दिवशीच त्याचा फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.

आधी बाहेर उघडू नका

बहिणीने दोन महिन्यांपूर्वी पंखा साफ करायला लॅपटॉप सीताबर्डीतल्या एका दुकानात दिला होता. कंपनीचा इंजिनिअर घरी आला, त्याने मशीन उलटं केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, हे कोणी खोललं होतं काय? एक स्क्रू नाही आहे." आम्ही खरं ते सांगितलं. त्याने आतले फोटो काढून वर पाठवले. आत काही बदललेलं नव्हतं, पाणी गेलेलं नव्हतं, म्हणून मंजुरी मिळाली; पण चार दिवस गेले. नुसतं झाकण उघडलं म्हणून वॉरंटी जातेच असं नाही. पण तुटलेली क्लिप, फाटलेली रिबन केबल (आतली पातळ, चपटी तार) किंवा आत बसवलेली डुप्लिकेट बॅटरी दिसली, तर दावा अडतो. आणि डुप्लिकेट बॅटरी एकदा बसली की मूळ बॅटरीचा दावा कशावर करणार?

'बॅटरी लवकर उतरते' ही तक्रार कॉल सेंटरवर टिकत नाही

वापराने बॅटरीची क्षमता कमी होणं याला कंपन्या नैसर्गिक झीज म्हणतात. दोष दाखवायचा तर आकडे लागतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबलं की एक फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा २७,००० असेल, तर तुमच्या बॅटरीत मूळ क्षमतेच्या ५४ टक्के उरलेत. तेही बॅटरीची वॉरंटी चालू असताना, वर्षभरात झालं असेल, तर दाव्याला वजन येतं.

याहून भक्कम पुरावा म्हणजे कंपनीची स्वतःची चाचणी. डेलमध्ये चालू करताना एफ१२, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ२ दाबलं की विंडोजच्या बाहेर हार्डवेअर तपासता येतं. बॅटरी नापास झाली की स्क्रीनवर कोड येतो. त्याचा फोटो घ्या. फोनवर तो कोड वाचून दाखवला की "विंडोज रिसेट करून बघा" वगैरेत जाणारा अर्धा तास वाचतो.

त्याआधी दोन गोष्टी मात्र नक्की बघा. लॅपटॉप ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्ज होणं थांबवत असेल, तर बहुतेक वेळा बॅटरी वाचवणारी सेटिंग चालू असते. ती बंद केली की तक्रार संपते. आणि डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई तुटली किंवा वाकली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही. तिथे दोष चार्जरचा असतो आणि लोक बॅटरी बदलायला निघतात.

कीबोर्डचंही तसंच. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवलं गेलं की फिल्टर कीज (पटकन दाबलेली बटणं न धरणारी विंडोजची सोय) चालू होतात आणि सगळा कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. खरा बिघाड ओळखायचा तर तीच बटणं बायोसमध्ये किंवा कंपनीच्या चाचणीत दाबून बघा. तिथेही चालत नसतील तर हार्डवेअर. मग नेमकी कोणती बटणं, किती दाबांनंतर, हे सांगा आणि ३० सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा.

कूलरसमोरचं टेबल

आपल्याकडे हा मुद्दा वेगळा लिहावाच लागतो. लिथियम आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. ॲपलने आपल्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंशांची मर्यादा सांगितली आहे, आणि ३५ च्या वर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असंही म्हटलंय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. गाडीच्या डिक्कीत तर त्याहून जास्त. भर दुपारी डिक्कीत लॅपटॉप ठेवून बाजारात जाऊ नका.

आणि कूलर. खसच्या टाट्यांतून येणाऱ्या वाऱ्यात बारीक तुषार असतात. ते रोज चार तास कीबोर्डवर पडले की बटणांखाली टाट्यांवर बसतो तसाच पांढरा क्षार बसतो. पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही, आणि बऱ्याच लॅपटॉपच्या आत पाणी लागलं की लाल होणारे छोटे स्टिकर असतात. तो लाल झाला की आपलं म्हणणं कोणी ऐकत नाही. बहिणीचं टेबल कूलरच्या नेमकं समोर होतं. स्टिकर पांढरा निघाला, म्हणून वाचलो.

बॅटरी फुगलीय हे लपवू नका

कीबोर्ड दाबून सपाट करायला जाऊ नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टोचू नका, कुरिअरनेही स्वतः पाठवू नका. कॉल सेंटरला 'फुगली आहे' हा शब्द स्पष्ट सांगा. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यामुळे बॅटरीची मुदत संपली असली तरी कंपनी काय करते ते विचाराच. आमची बॅटरी मुदतीबाहेर होती, तिचे पैसे भरावे लागले. पण कंपनीचीच घेतली. कीबोर्ड वॉरंटीत आला.

तोही सुटा नव्हता. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पॅनलला रिव्हेटने पक्का केलेला असतो, म्हणून पामरेस्टसकट (मनगट टेकायच्या जागेसकट) अख्खं पॅनल बदलतात. काही मॅकबुकमध्ये तर बॅटरीही त्याच वरच्या पॅनलला चिकटवलेली असते.

नाही म्हणाले तर

फोनवरचं 'नाही' धरू नका. नकार आणि त्याचं कारण मेलवर मागा, सर्व्हिस रिक्वेस्टचा नंबर जपा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी खेटे नागपुरातच. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची.

इंजिनिअरने काम संपवून जॉब शीट (झालेल्या कामाचा कागद) पुढे केली, तेव्हा बहिणीने पेन हातात घेतलं होतं. मी म्हटलं, थांब, खोलीतला लाइट बंद कर. कीबोर्डखालचा उजेड आलाच नाही. बॅकलाइटची रिबन वेगळी असते, कीबोर्डच्या केबलहून बारीक. ती नीट बसली नव्हती. त्या पोराने काही न बोलता परत नऊ स्क्रू काढले, रिबन दाबून बसवली, आणि उजेड आला. मग आम्ही प्रत्येक बटण एकेकदा दाबलं, रुपयाचं चिन्हसुद्धा. बदललेल्या पार्टवर साधारण ९० दिवसांची वॉरंटी किंवा मूळ वॉरंटीतले उरलेले दिवस, यांपैकी जे जास्त ते मिळतं. ती तारीख जॉब शीटवर लिहून घेतली, आणि मगच तिने सही केली.