कवळी करून घेताना : आईच्या दोन कवळ्यांवरून सांगतो

आमच्या आईच्या तोंडात सध्या आहे ती दुसरी कवळी. पहिली तीन वर्षं कपाटात पडून होती, वेलदोड्याच्या जुन्या स्टीलच्या डबीत, अन् कुणाकडं लग्नकार्य असलं की फोटोपुरती बाहेर निघायची. दुसरी मात्र सकाळच्या चहाआधी तोंडात जाते ती रात्री सिरियल संपल्यावरच निघते. दोन्हीच्या पैशात फार फरक नव्हता, फरक होता फेऱ्यांचा. पहिलीच्या वेळी आम्हालाच घाई होती, माप दिलं अन् तिसऱ्या दिवशी कवळी हातात, मधे काहीच नाही. दुसरीला पाच फेऱ्या झाल्या अन् नंतर टोचतं तिथं घासून घ्यायला अजून तीन. म्हणून आता कुणी मला विचारलं की कवळी कितीला पडते, तर मी उलट विचारतो, डॉक्टर किती वेळा बोलावणार आहेत ते विचारलं का?

आधी हे ठरवा की पूर्ण कवळी लागणार आहे का. तोंडात चार चांगले दात असतील तर ते उगाच काढून टाकू नका, विशेषतः खालचे सुळे. त्या दातांना तारेचे हुक अडकवून काढ-घाल करायची अर्धी कवळी होते. ती साध्या ॲक्रिलिकची (म्हणजे कडक प्लॅस्टिकची) होते, फ्लेक्सिबल होते (हिला तार दिसत नाही म्हणून लोकांना आवडते, पण पुढं दुरुस्त करायला अवघड), किंवा मेटलची होते, ती पातळ अन् मजबूत. एक-दोनच दात गेले असतील तर शेजारचे दात घासून त्यांच्या आधारानं फिक्स ब्रिज, म्हणजे काढ-घाल न करायचे जोडदात, बसतो. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू, खर्च जास्त. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट टाकून त्यावर बटणासारखी कवळी अडकवता येते, अन् खालची कवळी ज्यांना अजिबात टिकत नाही त्यांच्यासाठी हे लई कामाचं आहे. हाड किती शिल्लक आहे त्यावर ते ठरतं, एक्स-रे काढल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

दात काढायचे असतील तर शुगर, बीपी, रक्त पातळ व्हायची गोळी, सगळं आधी सांगा. ती गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ज्यांनी चालू केली त्यांना विचारा. दात काढल्यावर हिरडी भरून यायला वेळ लागतो, साधारण दीड-दोन महिने तरी, कधी तीन. तोवर बिनदातांचं राहायचं नसेल तर दात काढल्या दिवशीच बसवायची तात्पुरती कवळी मिळते, पण पहिल्या काही महिन्यांत हाड झपाट्यानं झिजतं त्यामुळं ती सैल होणारच, तिला आतून परत भरून घ्यावं लागतं. हे आधी माहीत असलं म्हणजे नंतर डॉक्टरच्या नावानं खडे फोडावे लागत नाहीत.

आता फेऱ्यांचं. पहिल्या फेरीत थंड पिठासारखा गोळा ट्रेमधे भरून तोंडात दाबतात, ते पहिलं माप. या वेळी उलटी येईल असं वाटतं, मान थोडी पुढं वाकवायची अन् नाकानं श्वास घ्यायचा, मिनिटा-दोन मिनिटांत निघतं. त्यावरून तुमच्याच तोंडाचा वेगळा ट्रे बनतो अन् दुसऱ्या फेरीत त्या ट्रेनं बारीक माप घेतात. त्यात गाल ओढून, ओठ हलवून, जीभ बाहेर काढायला लावून कडा कुठवर जायला पाहिजे ते बघतात. हेच माप खरं. आमच्या पहिल्या कवळीला हे झालंच नव्हतं. तिसऱ्या फेरीत मेणाच्या पट्ट्या ठेवून दात मिटल्यावर जबडा किती उंचीवर अन् कुठं येतो ते धरतात, याला बाइट म्हणतात. उंची जास्त झाली की बोलताना दात खटखट वाजतात अन् जबडा दुखतो, कमी झाली की तोंड पोपटासारखं मिटतं.

चौथी फेरी चुकवू नका. मेणाची ट्रायल. म्हणजे दात मेणात बसवून तोंडात घालून दाखवतात, अजून काही पक्कं झालेलं नसतं, काहीही बदलता येतं. या दिवशी घरातलं एक माणूस बरोबर न्या अन् जुना फोटो न्या, दात असतानाचा, हसणारा. आईचा वरचा एक दात थोडा पुढं होता, आम्ही फोटो दाखवला तर त्यांनी तो तसाच तिरका लावून दिला, अन् आरशात बघून आई पहिल्यांदा काय बोलली असेल तर "हा, ही मी हाय." रंग निवडताना लोक सगळ्यात पांढरा मागतात, तसं करू नका, साठीच्या चेहऱ्यावर दुधासारखे दात लांबूनच कवळी म्हणून ओळखू येतात. अन् तिथंच खुर्चीत बसून मोठ्यानं साठपासून पुढं आकडे म्हणायचे, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... सदुसष्ट, अडुसष्टला जीभ अडखळली किंवा शिट्टी वाजली तर सांगायचं, दात मागं-पुढं करता येतात. एकदा हे मेण जाऊन ॲक्रिलिक आलं की मग फक्त घासणं हातात राहतं.

पाचव्या फेरीत कवळी मिळते अन् घरी आल्यावर पश्चात्ताप होतो. हे अगदी नॉर्मल आहे. तोंडात लाळ सुटते, कारण तोंडाला वाटतं काहीतरी खायला आलंय, आठवडाभरात कमी होते. आई पहिल्या रात्री म्हणाली, "तोंडात दगड धरल्यासारखं वाटलालय की रे." वरची कवळी लवकर जमते, कारण तिला टाळूची मोठी जागा मिळते. दोन ओल्या काचा एकमेकीवर ठेवल्या की सुटत नाहीत ना, तसं लाळेच्या पातळ थरानं ती धरून राहते. खालची मात्र घोड्याच्या नालासारखी, मधे जीभ हलणार, बाजूनं गाल ढकलणार, तिला चिकटायला जागाच नाही. ती जिभेनं अन् गालानं सांभाळायला शिकावी लागते, महिना लागतो, कुणाला दोन. जीभ मागं ओढून बसायची नाही, टोक खालच्या पुढच्या दातांना हलकं टेकवून ठेवायचं.

अन् लाळेचं म्हणाल तर आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमधे, बेचाळीसच्या वर पारा गेला की भल्याभल्यांचं तोंड कोरडं पडतं अन् कोरड्या तोंडात कवळी घसरते, घासते. बीपीच्या अन् झोपेच्या काही गोळ्यांनी पण तोंड सुकतं. बरोबर पाण्याची बाटली, दर थोड्या वेळानं एक घोट.

हिरडीला कुठंतरी लागणारच. लागलं की कवळी काढून ठेवून महिनाभर वाट बघणारे लोक मी बघितलेत, तेवढ्यात सवय पण जाते. त्यापेक्षा दोन दिवसांत परत जा, पण जायच्या आदल्या दिवशी अन् त्या दिवशी सकाळी थोडा वेळ तरी कवळी घालून ठेवा, म्हणजे लाल ठिपका दिसतो अन् डॉक्टर बरोबर तिथलंच घासतात. घरी कानस, पॉलिशपेपर असलं काही लावायचं नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी लावलं, एका बाजूला दुखायचं थांबलं अन् दुसरीकडं कवळी झोके घ्यायला लागली.

खाण्याचं आपल्याकडं जरा अवघडच, कारण आपलं सगळंच कडक. नवी कवळी अन् कडक भाकरी हे पहिला महिना विसरा. सुरुवात मऊ भात-वरण, मूगडाळीची खिचडी, उप्पीट, मग ज्वारीची ताजी मऊ भाकरी आमटीत कुस्करून. घास छोटा, अन् दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, थोडा घास डावीकडं थोडा उजवीकडं, कारण एकाच बाजूला चावलं की दुसरीकडून कवळी उचलते. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, पेरू काय अन् कणीस काय, सुरीनं कापून मागं ठेवायचं. कवळीची ताकद खऱ्या दातांच्या चौथाईसुद्धा धरू नका. शेंगाचटणी आवडते सगळ्यांना पण तिचा एक कण खालच्या कवळीखाली गेला की चपलेत खडा गेल्यासारखं होतं, जेवण सोडून उठावं लागतं. आम्ही आईसाठी चटणी परत एकदा कुटतो अन् दह्यात कालवून देतो. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवरचे तीळ पण तसलेच. आता दीड वर्षानं आई कडक भाकरी खाते, पण दुधात दहा मिनिटं भिजवून, अन् ती म्हणते खरी चव तशीच लागते. आम्ही मान हलवतो.

गरम चहाचं लक्ष ठेवा. वरच्या कवळीनं टाळू झाकली जाते त्यामुळं चहा किती कढत आहे ते कळत नाही अन् एकदम घसा भाजतो.

धुण्याचं ऐका. बेसिनमधे आधी टॉवेल पसरा, आपला जाड सोलापुरी टर्किश टॉवेल याला एक नंबर, किंवा बेसिनमधे पाणी भरून ठेवा, कारण साबणाच्या हातातून कवळी सुटणार अन् फरशीवर पडली की दोन तुकडे. मऊ ब्रश अन् साधा हात धुवायचा साबण किंवा भांड्याचं लिक्विड. टूथपेस्ट नको, तिच्या कणांनी ओरखडे पडतात अन् त्यात घाण बसते. गरम पाणी अजिबात नको, हे मी स्वतः शिकलोय, पहिली कवळी एकदा जंतू मरावेत म्हणून उकळत्या पाण्यात टाकली, बाहेर काढली तर दिसायला तशीच पण टाळूला बसेना. बोअरच्या पाण्यानं पांढरा थर धरला तर पांढरं व्हिनेगर अन् पाणी निम्मं-निम्मं करून थोडा वेळ बुडवा अन् मग चांगली धुवा, पण मेटलच्या कवळीला डॉक्टरना विचारल्याशिवाय असलं काही नाही.

रात्री काढायचीच. हिरडीला आराम पाहिजे, नाहीतर कवळीखाली बुरशी धरते अन् टाळू लालभडक होते. काढून झाकणाच्या डब्यात साध्या पाण्यात ठेवायची, कोरडी ठेवली की आकार बिघडतो. अन् आपल्याकडं नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायची सवय, म्हणून डब्यातलं पाणी पण चार दिवस चालवणारे आहेत, ते रोज बदला. जेवायला बाहेर गेलात तर कवळी कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. मंगल कार्यालयात ताटं उचलणारी पोरं कशाला उघडून बघतील, आम्ही एकदा दोन पिंपं उपसली होती.

चिकटवायची क्रीम किंवा पावडर मिळते, थोडी वापरायला हरकत नाही, वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके बास. पण रोज ट्यूब पिळायला लागत असेल तर कवळीच सैल आहे, क्रीमचा दोष नाही. मोडली तर फेविक्विक लावू नका, एकदा चुकीचं चिकटलं की लॅबला पण जुळवता येत नाही. सगळे तुकडे, अगदी निघालेला दात पण, पुडीत बांधून घेऊन जा.

एकही दात नाही मग डॉक्टरकडं कशाला, असं म्हणणाऱ्या बायका आमच्या पेठेत पुष्कळ, अन् त्यातल्या निम्म्या मिश्री लावणाऱ्या. दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड दाखवाच. गालात, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर कवळीचं लागलं असेल म्हणून बसू नका, कॅन्सर तर नाही ना ते दाखवून घ्या.

बाकी हाड झिजत राहतं, त्यामुळं चांगली कवळी पण काही वर्षांनी सैल होते, नवीन करायच्या आधी आतून भरून घेता येते, याला रिलाइन म्हणतात. पाच-सात वर्षांनी बहुतेक नवीनच लागते. रिलाइनला लॅबवाले कवळी एक-दोन दिवस ठेवून घेतात, तेव्हा घरात काही कार्य नाही ना बघून तारीख घ्या. आमची आई त्या दिवशी दार वाजलं की पदर तोंडाला लावून आत जाते अन् दूधवाल्याशी पण मलाच बोलायला लावते.