बुजऱ्या घोड्याची वैरण स्पर्धेच्या प्रवासात तुटू नये म्हणून

पुण्याहून बेंगळुरूला स्पर्धेसाठी घोडा न्यायचा तर रस्ता सुमारे ८४० किलोमीटरचा. घोडे भरलेला ट्रक बेताने चालवायचा, मध्ये थांबे घ्यायचे, म्हणजे सोळा ते वीस तास सहज जातात. धीट घोडा तेवढ्या वेळात आपली वैरणीची जाळी संपवून शेजाऱ्याच्या जाळीकडे मान वळवतो. बुजरा घोडा मात्र ट्रकचा फाळका लागला की कान टवकारतो आणि तोंड मिटतो. मग मुक्कामाला पोचल्यावर मोतद्दार, म्हणजे त्याची देखभाल करणारा, काळजीने त्याच्यापुढे भरपूर गोडधोड चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, ठेवतो. चूक नेमकी तिथे होते. दोन दिवस चंदी निम्मी झाली तरी घोड्याचं फारसं बिघडत नाही. वैरण आणि पाणी तुटलं की बिघडतं.

घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, पोटात काही असो वा नसो. त्यावरचा उतारा म्हणजे लाळ, आणि ती सुटते चघळतानाच. तोंड बरेच तास बंद राहिलं की जठराच्या वरच्या भागातल्या अस्तराला आम्ल लागतं, व्रण होतात, आणि दुखतं म्हणून तो आणखी कमी खातो. तिकडे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना वैरणीतले तंतू लागतात. आतडं रिकामं आणि कोरडं पडलं की पोटशूळ दूर नसतो. अशा पोटात एकदम दोन-अडीच किलो दाणा गेला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तयारी निघायच्या दोन आठवडे आधी सुरू करावी, आणि पहिलं काम तराजूचं. ४८० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण नऊ ते दहा किलो सुकी वैरण लागते. टांगत्या काट्यावर जाळी तोलून टाका, उरलेली तोला, आणि पाणी किती प्यायला, लीद किती वेळा टाकली हे पागेतल्या वहीत लिहा. निरोगी घोडा दिवसातून आठ-बारा वेळा लीद टाकतो, पण आपल्या घोड्याचा आकडा आपल्याला ठाऊक हवा. तो नसेल तर ‘नीट खात नाही’ या तक्रारीला काही अर्थ उरत नाही.

याच दिवसांत ट्रक ही त्याची खायची जागा करून टाकावी. उभ्या ट्रकमध्ये रोज चढवून दहा मिनिटं त्याच्या आवडीची वैरण द्या आणि खात असतानाच खाली उतरवा. तीन-चार दिवसांनी इंजिन चालू ठेवून तेच करा, मग पंधरा मिनिटांची फेरी मारा. जाळीत तोंड घालायच्या आधी ट्रक हलवला तर मागची सगळी मेहनत वाया जाते. शेजारी शांत, खादाड सोबती उभा असला तर निम्मं काम तोच करतो. जोडी शक्यतो तीच राहू द्यावी.

वैरण घरचीच न्यायची. जाण्या-येण्याचे आणि स्पर्धेचे मिळून आठ दिवस धरले तर ऐंशी किलो होते. वर वीस किलो जास्तीची ठेवा. तिकडची वैरण घ्यावीच लागणार असेल तर ती आधी मागवून घरीच दहा दिवसांत थोडी थोडी मिसळत आणा. वाटेत मिळाली म्हणून कोवळी हिरवी ज्वारी अजिबात घालू नका; तिच्यात सायनाइडचं विष असतं. लसूणघासाचा मात्र उपयोग करून घ्या: त्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल थोडं मऊ पडतं. चढवण्याच्या अर्धा तास आधी त्याचे दोन-तीन मूठ तुकडे पोटात गेलेले बरे, अर्थात रोजच्या खाण्यात तो असेल तरच.

पाण्याची गोष्ट जास्त नाजूक. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पितो, उकाड्यात त्याहून जास्त, पण परक्या वासाच्या पाण्याला बुजरा घोडा ओठही लावत नाही. म्हणून दहा लिटरच्या बादलीत मूठभर गूळ विरघळवून आठ-दहा दिवस आधीपासून घरीच सवय लावा. बाहेरच्या पाण्याची चव मग त्याच गुळात झाकली जाते. शेजारी साध्या पाण्याची बादली नेहमी हवी. खुरांची सूज येऊन गेलेल्या घोड्याला गूळ नको. पहिल्या टप्प्यासाठी घरचं पाणी वीस लिटरच्या दोन-तीन कॅनमध्ये भरून घ्या. चंदीत रोज २५-३० ग्रॅम मीठ घातलं की तहान टिकते. न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात क्षारांची पेस्ट मात्र पिळू नका. ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते.

निघायच्या आदल्या दिवसापासून चंदी निम्मी करा. जाळी छातीच्या उंचीला बांधा. फार खाली बांधली तर खूर अडकतो, फार वर बांधली तर धूळ नाका-डोळ्यांत जाते. वैरण पाण्यात बुडवून निथळून भरा: धूळ बसते आणि पोटात थोडं पाणीही जातं. उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमारास निघावं आणि दर चार तासांनी थांबावं. म्हणजे साधारण कऱ्हाड, बेळगाव, मग हुबळीच्या पुढे. थांबा अर्ध्या तासाचा हवा, चालकाच्या चहापुरता नव्हे. इंजिन बंद करा, म्होरकीची दोरी सैल करा आणि मान खाली जाऊ द्या. तासन् तास मान वर बांधलेली राहिली की श्वासनळीतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, आणि त्यातूनच प्रवासानंतरचा फुप्फुसाचा ताप येतो. चालत्या ट्रकमध्ये काहीच न खाणारे घोडेही थांब्यावर खातात, फक्त पहिली दहा मिनिटं ते नुसते बघत उभे असतात. त्या दहा मिनिटांत ‘खातच नाही, चला’ म्हणून ट्रक काढला, तर मग खरंच खात नाहीत. महामार्गावर खाली उतरवायचं नाही.

मुक्कामाला पोचल्यावर आधी पाणी, मग वैरण, मग पंधरा-वीस मिनिटं हाताने धरून चालवणं. गवत असेल तर चरू द्यावं. चंदी दीड-दोन तासांनी, तीही थोडी. इथे खूप जण गव्हाच्या कोंड्याची गरम लापशी देतात. रोज मिळत नसेल तर ती पोटाला नवीच गोष्ट आहे, आणि प्रवासाच्या दिवशी नवं काही नको.

ठाणाच्या तीन कोपऱ्यांत तीन प्रकारची ओळखीची वैरण थोडी थोडी ठेवा: सुकं गवत, ओटची वैरण, लसूणघास. एकावर मन बसलं नाही तर तो दुसरीकडे वळतो. सोबती दिसेल असं ठाण मागून घ्या, येण्याजाण्याची वाट टाळा. दिवसभर लाउडस्पीकर आणि घोड्यांची ये-जा चालू असताना बुजरा घोडा टोकत राहतो. खरा खातो रात्री दहानंतर, सगळं निवलं की. म्हणून दिवसाच्या वैरणीतली निम्म्याहून जास्त रात्रीसाठी ठेवा. स्पर्धेच्या सकाळी चंदी मैदानात उतरण्याच्या चार तास आधी संपवा. मूठभर लसूणघास अर्ध्या तासापूर्वीही चालतो.

घोडा शांत व्हावा म्हणून वाटेल ती पूड चारू नका. व्हॅलेरियनसारखी वनस्पती आंतरराष्ट्रीय नियमांत निषिद्ध आहे, आणि चहातलं कॅफिन व चॉकलेटमधलं थिओब्रोमिन चाचणीत सापडतं. मोतद्दाराने लाडाने दिलेला चहाचा घोटही महागात पडू शकतो. व्रणांवरचं ओमेप्राझोल त्या नियमांना चालतं, पण मात्रा डॉक्टरांची, आणि ते उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा-एक तास आधी.

चोवीस तासांत नेहमीच्या निम्मीही वैरण गेली नाही, किंवा लीद कमी आणि कोरडी झाली, तर डॉक्टरांना बोलवा. पायाने जमीन उकरणं, कुशीकडे वळून बघणं, लोळणं दिसलं तर लगेच. पोचल्यापासून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा: ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. त्याच्या वर गेला आणि वैरण सुटली, तर त्या दिवशी घोड्यावर खोगीर चढवायचं नाही, फुप्फुसं तपासून घ्यायची.