ट्रॅपमध्ये शून्य दिसलं की आधी ट्रॅप तपासा

एचएसीसीपी (अन्नसुरक्षेची पद्धत), फेरोमोन (किड्यांना खेचणारा वास) वगैरे तुम्ही शिकूनच आलेला आहात, ते सोडून देते. पिठाच्या कारखान्यात कीड नियंत्रणाचं काम पहिल्यांदाच गळ्यात पडलं असेल, तर मी जिथे तोंडावर आपटले तेवढंच सांगते.

पहिल्याच वर्षी माझ्या ट्रॅपमधले तांबडे भुंगेरे आठवड्यागणिक कमी होत होत शून्यावर आले. आलेख दाखवून शाबासकीही मिळवली. मग एक दिवस मेंटेनन्सवाल्याने पीठ पुढे ढकलणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरच्या टोकाचं झाकण काढलं. आत बोटभर जाडीचा, दगडासारखा बसलेला पिठाचा थर. स्क्रूड्रायव्हरने ढेकूळ फोडलं, तर ते आतून वळवळत होतं. अळ्या, कोष, भुंगेरे, अख्खा खानदान.

आणि माझे ट्रॅप? खळग्यातलं, किडे अडकवणारं तेल पिठाच्या धुळीने शोषून घेतलेलं. पडलेला भुंगेरा त्या धुळीवरून आरामात चालत बाहेर. ल्यूरची, म्हणजे ट्रॅपमधल्या वासाच्या आमिषाची, मुदत कधीच संपलेली. शून्य म्हणजे कीड नाही असं नव्हे, ट्रॅपने पकडली नाही एवढंच. पुन्हा सांगते, कारण मलाही दोनदा सांगावं लागलं होतं: आकडा अचानक पडला, तर धूळ बघा, ल्यूरची तारीख बघा, कुणी ट्रॅप हलवलाय का ते बघा, थंडी वाढलीये का ते बघा. गारठ्यात भुंगेरे फिरतच नाहीत. पतंगांच्या ल्यूरला तर फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी तिकडे फिरकत नाही.

आकडा वाढला की वरिष्ठ म्हणतील, फॉगिंग करून टाक. मला या सल्ल्याचा राग आहे. धूर उघड्यावरचे किडे मारतो, पिठाच्या थराखाली शिरत नाही. चार दिवस आलेख छान दिसतो. तीस अंश तापमानात अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो, म्हणजे महिन्याभरात तुम्ही पुन्हा तिथेच. आधी खरवडून काढा, व्हॅक्यूम करा, मग औषधाचं बोला. कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नका, तेच पीठ पुढच्या फटीत जाऊन बसतं.

घाबरून जाऊ नका मात्र. ट्रॅपमध्ये दोन भुंगेरे सापडले म्हणून तुमची नोकरी जात नाही. उलट ट्रॅप काम करतोय हे कळलं. शेजारचे ट्रॅप बघत गेलात की आकडा जिकडे वाढतो तिकडेच मूळ असतं, बहुतेकदा माल वर नेणाऱ्या एलेव्हेटरच्या बूटमध्ये (तळाच्या पेटीत) नाहीतर चाळणीच्या आसपास. सापडत नसेल तर रात्रपाळीच्या सफाईवाल्याला विचारा. मला कन्सल्टंटपेक्षा त्यांनी जास्त शिकवलंय.

आणि ल्यूर बदलल्याची तारीख मार्करने ट्रॅपवरच लिहा. वही ऑफिसात राहते, ट्रॅप यंत्राखाली.