परसातल्या हौदातले मासे का दगावतात? पाण्याच्या या चुका टाळा

परसात सिमेंटचा हौद बांधून कोई, गोल्डफिश किंवा नुसते गप्पी पाळणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: पाणी नितळ होतं, तळ दिसत होता, तरी सकाळी मासे उलटे तरंगत होते. पाण्याचा नितळपणा आणि माशांची तब्येत यांचा संबंध फार थोडा आहे. अमोनिया, नायट्राइट, क्लोरीन यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. किंचित हिरवट पाण्यात मात्र मासे वर्षानुवर्षं ठणठणीत राहिलेले मी पाहिले आहेत.

परसातल्या हौदांपुरतं माझं ठाम मत आहे की खराब पाण्यापेक्षा एकाएकी बदललेलं पाणी जास्त मासे मारतं. आणि हा बदल पुष्कळदा आपणच, काळजीपोटी, हौदात काहीतरी टाकून घडवतो.

हौद किती लिटरचा हेच माहीत नसणं

लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला 28.3 ने गुणा. 8 फूट लांब, 5 फूट रुंद आणि अडीच फूट पाण्याचा हौद साधारण 2,800 लिटरचा होतो. हा आकडा हौदाच्या कडेला रंगवून ठेवला तरी चालेल. औषध असो, मीठ असो वा सोडा, पुढचा प्रत्येक हिशेब यावरच चालतो, आणि अंदाजपंचे टाकलेली मूठ कधी दुप्पट होते ते कळत नाही.

नवा हौद बांधला की लगेच मासे सोडणं

नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, 10 च्याही वर जातो. त्या पाण्यात माशांचे कल्ले भाजून निघतात. हौद भरायचा, चार-पाच दिवस ठेवायचा, सोडून द्यायचा, पुन्हा भरायचा, असं सामू 8.5 च्या खाली टिकेपर्यंत करत राहावं. केळीचे खुंट चिरून पाण्यात कुजवायची जुनी पद्धत आहे आणि ती उपयोगी पडते, कारण कुजताना तयार होणारी आम्लं आणि कार्बन डायऑक्साइड चुन्याला मारक ठरतात. मात्र कुजकं पाणी पूर्ण काढून हौद धुतल्याशिवाय मासे सोडू नयेत.

चुना गेला तरी हौद तयार झालेला नसतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. पहिले दोन्ही पदार्थ विषारी आहेत, तिसरा बराच निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, भिंतींवर वाढतात आणि पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. म्हणून सुरुवातीला दोन-चारच मासे सोडावेत. जुन्या चालू हौदातल्या फिल्टरचा स्पंज कोणी दिला तर आनंदाने घ्यावा, बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो सरस. फक्त त्या हौदात रोग नसल्याची खात्री करावी.

सामू एकदाच मोजणं, तोही सोयीच्या वेळी

दिवसभर शेवाळ आणि पाणवनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे सामू चढतो. रात्री सगळेच श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. हिरव्या पाण्याच्या हौदात पहाटे 7.4 असलेला सामू दुपारी चारला 8.8 होऊ शकतो. सकाळी मोजणारा म्हणतो सगळं ठीक, दुपारी मोजणारा घाबरून आम्ल शोधायला लागतो. दोघांचाही आकडा खरा आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा. सामू पहाटे आणि दुपारी असा दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहावेत.

हे एवढं महत्त्वाचं का, तर अमोनियाचा विषारीपणा सामूवर ठरतो. किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला थेट विषारी हिस्सा 30 अंश तापमानाला, सामू 7 असताना जेमतेम 1 टक्का असतो. सामू 8 झाला की तो 7 टक्क्यांच्या आसपास जातो आणि 9 ला जवळजवळ 45 टक्के. किटवर 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर हा तोच आकडा सकाळी माशांना सोसवतो आणि दुपारी कल्ले जाळतो. एकूण अमोनिया शून्याजवळ ठेवणं हाच यावरचा खरा उपाय, सामूशी खेळणं नव्हे.

टीडीएस मीटरबद्दल इथेच सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेला मीटर हौदात बुडवून "220 आलं, उत्तम पाणी" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात अमोनिया किती, नायट्राइट किती, हे तो मीटर सांगू शकत नाही. अमोनिया, नायट्राइट, सामू आणि केएच (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, तिच्याबद्दल पुढे) एवढी चार थेंबांची किट ॲक्वेरियमच्या दुकानातून आणलीत तर घरच्या हौदाला ती पुरतात.

अल्कलिनिटीकडे दुर्लक्ष, विशेषतः पावसाळ्यात

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही, आणि ती बहुतेकांना चूक वाटतच नाही. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येणारी. किटवर ती केएच म्हणून मोजतात, आणि 1 अंश केएच म्हणजे सुमारे 18 मिलिग्रॅम प्रतिलिटर. हौदात ती 100 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असावी. 50 च्या खाली गेली की सामूला आधार उरत नाही.

ती कमी होत राहते कारण अमोनियाचं नायट्रेट करणारे तेच उपकारी जिवाणू ती खातात. दर 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे फिल्टर चांगला चालतो आहे तोच हौद, पाणी न बदलल्यास, हळूहळू आम्लाकडे सरकत असतो.

देशावर बेसॉल्टातल्या विहिरी-बोअरचं पाणी जड असतं, बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे तिथे सहसा निभावतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातलं पाणी मऊ, मुळातच अल्कलिनिटी कमी. त्यात रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीन फूट खोल उघड्या हौदावर त्याच्या खोलीच्या तिप्पट पाणी नुसतं आभाळातून येतं, आणि पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास नसतेच. जुलैच्या अखेरीस सामू एका रात्रीत 6 च्या खाली घसरतो. मासे तळाशी बसून राहतात, अंगावर बुळबुळीत पांढुरका थर येतो. लोक रोग समजून औषध घालतात.

उपाय साधा आहे: खायचा सोडा, ज्याने ढोकळा फुगतो तोच. हजार लिटरला 84 ग्रॅम सोडा अल्कलिनिटी 50 मिलिग्रॅमने वाढवतो. बादलीत विरघळवून, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा करून घालावा. पावसाळ्याआधी जाळीच्या पिशवीत शिंपल्या भरून फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या तर त्याही हळूहळू विरघळून आधार देतात.

पण एक सावधगिरी नीट वाचा. सामू घसरला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठतो, मात्र कमी सामूमुळे तो विषारी रूपात नसतो. अशा वेळी घाईने भरपूर सोडा किंवा चुना टाकला तर सामू उसळी घेतो, साठलेला अमोनिया विषारी होतो आणि रोगाने न मेलेले मासे उपायाने मरतात. आधी अमोनिया मोजा. तो जास्त असेल तर खाणं बंद करा, रोज 10 टक्के पाणी बदला आणि सामू दिवसाला 0.3 ते 0.5 पेक्षा जास्त चढू देऊ नका.

तुरटी, चुना, लिंबू, शेण

तुरटीने गढूळपणा बसतो हे खरं, पण ती अल्कलिनिटी खाऊन सामू पाडते. मऊ पाण्याच्या हौदात तुरटी फिरवू नये. चुना शेततळ्यात, मासे सोडण्यापूर्वी, तळाच्या मातीला देतात. मासे असलेल्या छोट्या हौदात कळीचा चुना घालणं घातक आहे. लिंबू किंवा व्हिनेगरने सामू खाली आणायला गेलात तर जड पाण्यात तो दोन दिवसांत पुन्हा जागेवर येतो आणि माशांना मधल्या चढउताराचा त्रास फुकट होतो. सामू 7 ते 8.5 मध्ये कुठेही स्थिर असेल तर कोई आणि गोल्डफिश खुशाल राहतात. शेण टाकतात ते कटला-रोहूच्या मोठ्या तळ्यांत, प्लवक वाढावं म्हणून. तीन हजार लिटरच्या हौदात ते केवळ अमोनिया वाढवतं आणि ऑक्सिजन खातं.

नळाचं, टँकरचं आणि बोअरचं पाणी एकच समजणं

नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावं असं भारतीय मानक सांगतं. माणसाला ते सुरक्षित आहे, माशांच्या कल्ल्यांना तेवढंही पुष्कळ. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती पडली असेल याचा भरवसा नसतो. पाणी ड्रममध्ये काढून उघड्या उन्हात एक-दोन दिवस ठेवावं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावा: 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीनसाठी हजार लिटरला 7 ते 8 ग्रॅम.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून पाइप थेट हौदात सोडतात. पण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, कधी लोहही. ते उंचावरून धार पाडून किंवा आधी टाकीत खळबळवून मग घ्यावं.

पूर्ण उपसून घासणं, किंवा नुसती भर घालणं

दिवाळीच्या साफसफाईत हौद उपसून ब्रशने लख्ख घासला आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला, की महिनोन्महिने वाढलेले जिवाणू गेले. हौद पुन्हा नवा झाला. स्पंज हौदाच्याच पाण्यात हलका पिळायचा आणि पाणी आठवड्याला 10 ते 20 टक्केच बदलायचं.

उलट टोकाची चूक उन्हाळ्यात होते. मे महिन्यात देशावर दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, आपण तेवढी भर घालतो आणि पाणी बदललं असं समजतो. वाफेबरोबर क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, ते मागे साठतात. आधी जुनं पाणी झाडांना काढा, मग नवं घाला. नायट्रेटवालं पाणी केळी-कर्दळीला फार मानवतं.

माशांनी तोंड उघडलं की खाणं टाकणं

100 ग्रॅम खाद्यातून साधारण 3 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. तीन हजार लिटरच्या हौदात तो दिवसाला 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो. पाच मिनिटांत संपेल एवढंच द्या. पाव, भात, कणकेच्या गोळ्या नकोत, पाहुण्यांची मुलं कितीही हौशी असली तरी.

गणपती आणि फवारणी

घरच्या घरी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरघळवण्यासाठी पुण्यात अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) सुचवलेली ही पद्धत चांगली आहे, पण उरलेल्या द्रावणात अमोनियम सल्फेट असतं. ते पातळ करून झाडांना घालायचं असतं. हौदात त्यातलं तांब्याभर पाणीही जाऊ देऊ नका, आणि निर्माल्यही नको.

कोकणात पावसाच्या तोंडावर सुपारीवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं द्रावण, फवारतात. त्यातलं तांबं माशांना विषारी आहे आणि मऊ पाण्यात ते अधिकच लागतं. फवारणीच्या दिवशी हौद प्लास्टिकने झाका आणि पहिला जोरदार पाऊस होऊन जाईपर्यंत पागोळ्या हौदात पडू देऊ नका.

मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर

आधी घड्याळ बघा. पहाटे सगळे मासे वर, मोठे जास्त बेजार, आणि नऊ-दहाला ऊन आल्यावर सावरतात, तर ऑक्सिजन कमी पडतोय. 20 अंशांच्या पाण्यात 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर मावणारा ऑक्सिजन 30 अंशांना साडेसातच मावतो. त्यात ढगाळ आठवडा किंवा रात्रीचं भारनियमन आलं की संपलं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. वीज बराच वेळ गेली असेल तर बंदिस्त फिल्टरमधलं सडलेलं पाणी ओतून देऊन मगच तो सुरू करा.

दिवसभर धाप आणि कल्ले तपकिरी दिसत असतील तर नायट्राइटचा संशय घ्या. ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता मारतं, मग हवेचा पंप लावूनही धाप थांबत नाही. हजार लिटरला अर्धा ते एक किलो जाडं मीठ बादलीत विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दुपारनंतर त्रास वाढतो, कल्ले लालभडक, पर मिटलेले, तर अमोनिया. पाणी भरल्यावर लगेच मासे सैरावैरा धावले तर क्लोरीन, तिथे हायपो तत्काळ.

कारण कळेपर्यंतही तीन गोष्टी निर्धास्त करता येतात: खाणं बंद, हवा जोरात, आणि मुरवलेल्या, म्हणजे ड्रममध्ये एक-दोन दिवस ठेवलेल्या, पाण्याने पाव हिस्सा बदल. पण पावसाने सामू कोसळलेला असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे रोज दहाच टक्के. मीठ घातलं असेल तर ते किती आणि कधी, हे वहीत लिहा. ते उडून जात नाही, पाणी बदलाल तेवढंच कमी होतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढंच घातलंत तर हौदात दुप्पट होईल.