पिनरला घर घेताय? मग आधी गाव बघा

लंडनमध्ये हॅरोच्या बाजूला घर शोधणारी आपली मंडळी हल्ली वरचेवर विचारतात, पिनर कसं आहे, ट्यूबला (भुयारी रेल्वेला) किती वेळ लागतो. सांगते ना, मेट्रोपॉलिटन लाईन, झोन 5, मध्य लंडनमधलं बेकर स्ट्रीट साधारण अर्धा तास. पण त्यापुढे जाऊन माझं मनापासून सांगणं आहे की चावी हातात आली की पहिल्याच आठवड्यात इथला इतिहास थोडा तरी माहीत करून घ्या, कारण इथली जुनी माणसं अजून हाय स्ट्रीटला निघाली की "व्हिलेजमध्ये जाऊन येते" असंच म्हणतात, आणि ते खरंच गाव होतं.

ब्रिज स्ट्रीटवरून हाय स्ट्रीटला वळा आणि चढ चढत वर या. दोन्ही बाजूंना लाकडी चौकटीची जुनी घरं दिसतील, काहींची वरची माडी रस्त्याकडे झुकलेली, आणि सगळ्यात वर गारगोटीच्या भिंतींचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, 1321 सालचं. चर्चच्या आवारात एक अजब थडगं आहे, उंच टोकदार दगडी बांधकाम आणि त्याच्या मधून दोन्ही अंगांना शवपेटी आरपार बाहेर आलेली, जणू हवेत अडकलीय. बागकामावर लिहिणाऱ्या जे. सी. लाउडनने आपल्या आईवडिलांसाठी ते उभारलं. पेटी दिसते वर, माणसं मात्र जमिनीखालीच पुरलेली आहेत. माझी मुलगी लहान असताना ते बघायला रोज तिथूनच शाळेला जायचा हट्ट धरायची.

आता जत्रेचं. 1336 मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने इथल्या जत्रेची सनद दिली आणि ती जत्रा आजही भरते, मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी. त्या दिवशी हाय स्ट्रीट, ब्रिज स्ट्रीट गाड्यांना बंद, बस दुसरीकडून वळवतात, रस्त्यात पाळणे उभे राहतात. पहिल्या वर्षी मला काही कल्पनाच नव्हती, बसस्टॉपवर अर्धा तास उभी राहिले, शेवटी एका आजीबाईंनी सांगितलं की आज फेअर आहे ना, आणि मलाच सोबत घेऊन गेल्या. गावची जत्रा म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तेव्हा तो बुधवार कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि जमल्यास सुट्टी घ्या.

मग हे शेतीवाडीचं गाव उपनगर कसं झालं? 1885 मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे आली. बाकीच्या रेल्वे कंपन्यांना रुळासाठी घेतलेली जास्तीची जमीन विकून टाकावी लागायची, या कंपनीला ती ठेवून त्यावर घरं बांधायची मुभा होती. 1915 पासून त्यांनी या सगळ्या पट्ट्याची 'मेट्रोलँड' म्हणून जाहिरात सुरू केली, 1919 मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनीच काढली, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत शेतं गेली आणि सेमी, म्हणजे एका भिंतीने जोडलेली जोडघरं, आल्या. पुढे गोलसर खिडकी, वर काळ्या लाकडी पट्ट्या, मागे लांब बाग, तुम्ही बघताय ती घरं बहुतेक हीच. आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळही 1932 चं, म्हणजे ही घरं उभी राहत होती त्याच काळातलं, हे मला फार जवळचं वाटतं.

पत्त्यात लोक अजून मिडलसेक्स लिहितात त्याने गोंधळू नका, ती काउंटी 1965 ला गेली आणि पिनर लंडनच्या हॅरो बरोमध्ये आलं. सेमीची मधली भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असते, तेव्हा लॉफ्ट किंवा एक्स्टेन्शन करायचं तर आधी त्यांच्याशी बोला. आणि घर कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) येतं का हे विकत घेण्याआधी कौन्सिलकडे बघा, आमच्या ओळखीतल्या एकांनी न विचारता खिडक्या बदलल्या आणि पुन्हा खर्च करून जुन्यासारख्या करून घ्याव्या लागल्या. पिन नदी दिसायला ओढ्याएवढी आहे पण जोराच्या पावसात फुगते, नदीकाठचं घर असेल तर पुराचा रिपोर्ट नक्की वाचा. (नाव नदीवरून गावाला नाही पडलेलं, गावावरून नदीला पडलंय.)

मुलं असतील तर हेडस्टोन मॅनरला घेऊन जा. चहूबाजूंनी पाण्याचा खंदक, आत 1310 च्या सुमाराचं लाकूड अजून उभं असलेलं घर, 14व्या शतकापासून ते कँटरबरीच्या आर्चबिशपकडे होतं, आठव्या हेन्रीच्या काळात हातचं गेलं. आता म्युझियम आहे, तिकीट नाही. शेजारच्या 1506 च्या धान्याच्या कोठारात उभं राहून वरच्या तुळया बघा. येताना जॉर्ज द फिफ्थ अव्हेन्यूवरून या, घरांच्या मधोमध अचानक मोकळं शेत लागतं ते पिनर पार्क, आर्चबिशपची हरणं राखायची जागा होती ती. पाऊस पडून गेला असेल तर बूट जाड घाला, कडेच्या वाटेवर चिखल फार असतो.