स्टुडिओ टाकण्याआधी: रेकॉर्डिंग इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांसाठी

रेकॉर्डिंग इंजिनिअर असणं आणि स्टुडिओचा मालक असणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम पहिल्याचा वेळ खातं. इंजिनिअरला नवा मायक्रोफोन हवा असतो, मालकाला पुढच्या आठवड्यातले चार रिकामे दिवस दिसत असतात. या क्षेत्रात येणारे बहुतेक जण फक्त पहिल्या कामाची तयारी करून येतात. स्टुडिओ मात्र चालतो तो परत परत येणाऱ्या गायक-वादकांवर, आणि ते परत येतात त्याचं कारण बरंच साधं असतं: त्यांचं काम इथं अडलं नाही. हेडफोन लावताच आवाज आला, खरखर नव्हती, जमून आलेला टेक (एका खेपेला केलेलं रेकॉर्डिंग) हरवला नाही, हिशेबावरून वाद झाला नाही. पुढचं सगळं याच अंगाने वाचावं.

शिकायचं कुठे

पदवीची सक्ती कुणी करत नाही. चांगल्या अभ्यासक्रमातून डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप), सिग्नलचा मार्ग, ध्वनिशास्त्र या गोष्टी नीट समजतात आणि त्या पुढे जन्मभर उपयोगी पडतात. पण सहा माणसं खोलीत आहेत, वेळ संपत आलाय, गायिका वैतागली आहे आणि हेडफोनचा एक कान बंद पडलाय, हे वर्गात शिकवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून राहावं लागतं. वर्ष-दोन वर्षं तरी. घरी लॅपटॉपवर शिकून थेट मालक झालेले लोक तंत्रात अनेकदा तरबेज असतात आणि माणसांपाशी अडखळतात.

असिस्टंटचं काम वरवर क्षुल्लक वाटतं. केबल गुंडाळणं हे त्यातलं पहिलं. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, अशी आळीपाळीने गुंडाळलेली केबल पीळ न पडता उलगडते आणि आत तुटत नाही. कोपरावर आवळून गुंडाळलेली केबल लवकर मरते. दुसरं, टेकची नोंद: कितवा टेक, कुठल्या ओळीपर्यंत चांगला, कुठे सूर हलला. तिसरं, डागकाम. एक्सएलआर केबलमध्ये (मायक्रोफोनची नेहमीची तीन पिनांची केबल) १ नंबरची पिन शील्डची म्हणजे बाहेरच्या जाळीची, २ नंबरची हॉट म्हणजे सुलट सिग्नलची आणि ३ नंबरची कोल्ड म्हणजे उलट सिग्नलची. स्वतःच्या हाताने दहा केबल बनवल्या की बिघाड शोधायला दोन मिनिटं लागतात, नाहीतर अर्धं सेशन त्यातच जातं.

खोली आधी, यंत्रं नंतर

पैसे कुठे घालायचे या प्रश्नाला आमचं उत्तर ठाम आहे: खोलीत. महागडा मायक्रोफोन वाईट खोली अधिक बारकाईने टिपतो, एवढंच.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक वारंवारिता घुमतात. हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला अंतराच्या दुपटीने भागायचं. ४ मीटर लांबीला ४३ हर्ट्झ येतो, ३ मीटर रुंदीला ५७. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३ मीटर असतील तर तिन्ही दिशा ५७ हर्ट्झवरच येऊन साचतात. तिथला बास एका सुरावर फुगतो आणि बाकीचे सूर गायब होतात. म्हणून चौकोनी ठोकळ्यासारखी खोली घेऊ नये. मिक्सिंगची खुर्ची खोलीच्या मधोमध नको. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे ४ मीटरच्या खोलीत दीड मीटरवर, सुरुवात करावी आणि तिथून ऐकत ऐकत पुढे-मागे सरकावं.

खरी फसगत दोन गोष्टींच्या गोंधळातून होते: आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. भिंतीला चिकटवलेला दोन इंची फोम फक्त वरच्या पट्टीतले ध्वनी शोषतो. १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे फोम काहीच नाही. नुसता फोम लावलेली खोली म्हणूनच कोंदट आणि तरीही गडगडणारी लागते. त्याऐवजी दाबून बसवलेल्या रॉकवूलचे (दगडापासून केलेली लोकर) किमान १० सेंटिमीटर जाडीचे पॅनेल करावेत, कापडात गुंडाळावेत आणि भिंतीपासून तेवढीच पोकळी सोडून लावावेत. कोपऱ्यांत याहून जाड. बाजूच्या भिंतींवर जागा ठरवायला आरसा वापरावा: आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवायचा, आणि स्पीकर जिथे दिसेल तिथे पॅनेल लावायचा. छतालाही हाच नियम.

शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाऊ नये यासाठी मात्र वजन, हवाबंदपणा आणि भिंतींची एकमेकींपासून फारकत लागते. भिंतीच्या क्षेत्रफळाचा १ टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी ती कितीही जाड असो, एकूण अडथळा २० डेसिबलच्या पुढे जात नाही. दाराखालची फट, विजेच्या बॉक्सचं भोक आणि एसीचा डक्ट, बांधकामावरचा खर्च या तीन ठिकाणी वाहून जातो. एसीबद्दल आणखी एक. तो बंद ठेवून रेकॉर्ड करायचं ठरवलं तर वादक घामाघूम होतात, आणि थंड कोरड्या हवेतून अचानक दमट झालेल्या खोलीत तबल्याची पुडी उतरते. हवा हळू आणि रुंद डक्टमधून सोडणं हाच उपाय, आणि तो बांधकाम सुरू असतानाच करता येतो.

वीजही तेव्हाच बघून घ्यावी. सगळी ऑडिओ यंत्रं एकाच अर्थिंगवर हवीत. गुणगुण ऐकू आली म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक भेटतील. ते जिवावर बेतू शकतं. बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेली गुणगुण रद्द करणारी, एक्सएलआरसारखी) वापरणं, डीआय बॉक्सवरचा (गिटार-कीबोर्डचा सिग्नल मायक्रोफोनच्या इनपुटजोगा करणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ऑडिओ केबलच्या शील्डचा जोड तोडणारं बटण, दाबणं आणि डिमर असलेले दिवे वेगळ्या सर्किटवर टाकणं, यातून बहुतेक गुणगुण जाते.

यादी लहान असू दे

आठ इनपुटचा चांगला इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारं यंत्र), ओळखीचे झालेले एक जोडी मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर), एक मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने हलणारा पडदा) कंडेन्सर म्हणजे बारकावे टिपणारा, वीज लागणारा मायक्रोफोन, लहान डायफ्रामच्या कंडेन्सरची जुळी जोडी, दोन-तीन डायनॅमिक (दणकट, वीज न लागणारे मायक्रोफोन), दोन डीआय बॉक्स, बंद कपाचे चार हेडफोन, आणि लागतील त्याच्या दीडपट केबल. एवढ्यावर बहुतेक कामं होतात. क्वचित लागणारा भारी मायक्रोफोन भाड्याने आणावा. भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात दिसतं, कर्जाचा हप्ता दिसत नाही.

१९४७ साली शिकागोमध्ये बिल पुटनमने स्टुडिओच्या बाथरूमचा इको चेंबर (आवाज घुमवण्याची खोली) करून त्याचा आवाज रेकॉर्डमध्ये वापरला. पुढे कन्सोल आणि कॉम्प्रेसर बनवणारा हा माणूस इंजिनिअरही होता आणि स्टुडिओमालकही. हवं ते यंत्र नाही म्हणून काम थांबवायचं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सेशन

सेशनचा निकाल बराचसा आदल्या रात्री लागतो. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने म्हणजे सॅम्पल, प्रत्येक २४ बिटचा) उघडून ठेवावी, ट्रॅकना नावं द्यावीत, क्लिक (हेडफोनमधला तालाचा ठोका) ठरलेल्या लयीत वाजतोय का पाहावं, प्रत्येक केबलमधून आवाज येतोय याची खात्री करावी. नावं न दिलेले ‘ऑडिओ ४७’सारखे ट्रॅक महिन्याभराने कुणालाच ओळखता येत नाहीत.

गायकापासून मायक्रोफोन १५ ते २० सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (प-फ-ब चे फुंकर अडवणारी जाळी). कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) मायक्रोफोनच्या फार जवळ गेलं की खालचे सूर फुगतात. गायक मागे-पुढे हलला की एकाच गाण्यात दोन वेगळे आवाज ऐकू येतात. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. लेव्हल लावताना गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ गाऊन घ्यावी, आणि तीही साधारण उणे १२ डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे डिजिटल कमाल पातळी) आसपास राहील असं बघावं. रंगात आल्यावर गायक चाचणीपेक्षा पाच-सहा डेसिबल सहज वर जातो. २४ बिटमध्ये लेव्हल थोडी कमी राहिल्याने काही बिघडत नाही. क्लिप झालेला (कमाल पातळी ओलांडून फाटलेला) टेक मात्र गेला तो गेलाच.

दोन मायक्रोफोन एकाच वाद्यावर आले की फेज बघायची, म्हणजे दोन्हींतले तरंग एकाच वेळी वर-खाली होतात का ते. एका मिलिसेकंदात ध्वनी ३४ सेंटिमीटर जातो. दोन मायक्रोफोनच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल तर अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर होतो, आणि दोन्ही मिसळल्यावर १००० हर्ट्झपाशी खड्डा पडतो. तबला पातळ, पोकळ लागतोय अशी तक्रार आली तर इक्वलायझरला हात लावण्याआधी दोन्ही ट्रॅक मोनोत ऐकावेत, एकाची पोलॅरिटी (तरंगाचं वर-खाल) उलटवून पाहावी, आणि त्यानेही भागलं नाही तर उठून मायक्रोफोन हलवावा. उठायचा कंटाळा करणारा इंजिनिअर पुढे मिक्समध्ये तासन् तास घालवतो.

फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सरला केबलमधूनच दिली जाणारी वीज, ४८ व्होल्टची असते. ती सुरू असताना केबल काढ-घाल करू नये. स्पीकरमध्ये ठोका बसतो, आणि सदोष केबल असेल तर रिबन मायक्रोफोनची (आवाज टिपणारी धातूची अतिपातळ) पट्टी ताणली जाऊ शकते. आधी पॉवर बंद, मग काही सेकंद थांबणं, मग केबल.

हेडफोनमधलं मिश्रण हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर तो मागे पडतो, पण कारण त्याला सांगता येत नाही. तो फक्त “आज जमत नाहीये” म्हणतो. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका फेरीत २.७ मिलिसेकंद जातात. आत येणं, बाहेर जाणं आणि कन्व्हर्टर धरून हा आकडा दुपटीच्या वर जातो. एकूण दहा मिलिसेकंदांच्या पुढे अस्वस्थता सुरू होते. तेव्हा रेकॉर्डिंगला लहान बफर किंवा इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (संगणकात न जाता थेट हेडफोनला आवाज), आणि मिक्सिंगला १०२४ सॅम्पलचा बफर. सूर वर चढतोय किंवा उतरतोय असं दिसलं तर गायकाला सांगण्याआधी त्याच्या हेडफोनमधला तानपुरा किंवा कीबोर्ड वाढवून बघावा, आणि त्याचा स्वतःचा आवाज थोडा कमी-जास्त करून बघावा. गायकाला एक हेडफोन अर्धा कानावरून बाजूला ठेवायचा असेल तर त्या बाजूचा आवाज बंद करावा, नाहीतर क्लिक मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शेवटच्या शांत ओळीत टकटक ऐकू येते.

‘फक्त सराव आहे’ असं म्हटलं जातं तेव्हाही रेकॉर्ड सुरू असू द्यावं. लाल दिवा लागला नसल्याने माणूस मोकळं गातो. टॉकबॅकवर (काचेपलीकडच्या वादकांशी बोलण्याच्या माइकवर) बोलताना मात्र शब्द जपून: काचेपलीकडे तुम्ही हसताना दिसता पण ऐकू येत नाही, तेव्हा समोरच्याला वाटतं त्याच्यावरच हसताय. टेक संपल्यावरची दहा सेकंदांची शांतताही भयंकर लांब वाटते. लगेच काहीतरी बोलावं, निदान “एक मिनिट, ऐकतोय” एवढं तरी.

मिक्स आणि कान

मिक्सबद्दल लिहिण्याजोगं पुष्कळ असलं तरी नव्या माणसाने आधी दोन सवयी लावाव्यात. एक, आवाजाची पातळी. लहान खोलीत ७६ ते ७९ डेसिबलच्या आसपास ऐकावं. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही कानांची सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो; ९१ डेसिबलला उरतात दोन तास. हे कान बदलून मिळत नाहीत. दुसरी, तुलना. दुसऱ्याचं तयार गाणं आपल्या मिक्सशेजारी ठेवून ऐकावं, पण दोन्हींची पातळी सारखी करून. जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं.

फाइल कुठे जाणार ते आधीच विचारून घ्यावं. युरोपियन प्रसारणाच्या आर १२८ मानकात उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) लागतात, स्पॉटिफाय उणे १४ च्या आसपास पातळी सारखी करतं. ऑडिओबुकसाठी एसीएक्सला (ऑडिबलवर ऑडिओबुक पोचवणारं व्यासपीठ) पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा असतो. मिक्स अप्रतिम असूनही फाइल परत आली तर गिऱ्हाइकाच्या लक्षात फक्त ते परत येणंच राहतं.

हिशेब

शेजारचा स्टुडिओ तासाला काय घेतो ते बघून दर ठरवणं ही नेहमीची चूक. भाडं, वीज, देखभाल, हप्ते, स्वतःचा पगार आणि यंत्रांची झीज यांची महिन्याची बेरीज करावी आणि खरोखर विकल्या जाणाऱ्या तासांनी भागावं. रोज दहा तास दार उघडं असलं म्हणजे महिन्याला अडीचशे तास विकले गेले असं होत नाही. मांडणी, आवराआवर, फाइल पाठवणं, फोन यांचं बिल निघत नाही. सुरुवातीला शंभर तासच धरावेत. त्या दराने कुणी येणार नसेल तर खर्च कमी करायचा. दर पाडून तोटा भरून निघत नाही.

निव्वळ गाण्यांवर स्टुडिओ भरत नाही. गायक-वादक संध्याकाळी आणि सुटीला येतात. दुपारचे तास डबिंग, जाहिराती, पॉडकास्ट आणि ऑडिओबुक भरून काढतात. हे काम कमी प्रतिष्ठेचं समजू नये. शांत खोली, एक मायक्रोफोन आणि बारीक संपादन यावर अनेकांचं भाडं निघतं.

काम सुरू होण्याआधी लेखी ठरवायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण प्रत्येकीवरून भांडणं होतात. आगाऊ रक्कम किती, आयत्या वेळी सेशन रद्द केल्यास काय, मिक्समध्ये किती वेळा बदल दरात धरले आहेत, मूळ रेकॉर्डिंगची मालकी कुणाची, नाव कुठे छापायचं. दोन किंवा तीन बदल दरात, पुढचे तासाने, असं लिहिलं की “जरा आवाज वर घ्या ना” हा फोन अकराव्यांदा येत नाही. अंतिम वेव्ह फाइल पूर्ण पैसे आल्यावरच द्यावी, तोवर कमी दर्जाची एमपी३. प्रकाशित न झालेल्या गाण्याचा तुकडा स्वतःच्या प्रसिद्धीसाठीसुद्धा कुठे टाकू नये.

राहता राहिल्या फाइल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ मेगाबाइट घेतो. सोळा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं एका टेकला जवळपास ७०० मेगाबाइट. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक स्टुडिओच्या बाहेर. गिऱ्हाईक दाराबाहेर पडण्याआधी दुसरी प्रत झालेली हवी. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक एकाच शून्य क्षणापासून सुरू होणारी सलग वेव्ह फाइल करून ठेवावा, म्हणजे सॉफ्टवेअर बदललं तरी गाणं उघडता येतं. या फाइल किती काळ सांभाळणार, एक वर्ष की तीन, आणि त्यानंतर हार्ड डिस्क कुणी घेऊन जायची, हेही त्याच करारात लिहावं. सर्वांत जास्त फोन याच एका गोष्टीसाठी येतात, तेही कुणीतरी स्वतःची प्रत हरवल्यावर.