वंशावळ काढायची तर आजोळापासून

मुलाने दुसरीत झाडाचा बुंधा हिरवा आणि पानं तपकिरी रंगवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या, तर ७४ च्या जागी त्याने २१ वाचलं. लाल-हिरवा रंगदोष. हा आला कुठून, म्हणून मी वंशावळ काढायला बसले.

सासरी छापील कुलवृत्तांत आहे. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्यात लेकीच नाहीत! मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं आणि आईकडून एक्स, आणि हा दोष असतो एक्सवर. म्हणजे तो माझ्याकडूनच आला. तेव्हा सुरुवात आजोळापासून.

कोरा कागद आडवा धरा, पेन्सिल घ्या. पुरुष चौकोन, बाई गोल. जोडप्याला आडवी रेघ, तिच्यातून खाली मुलं, थोरलं डावीकडे. दोष असेल तो आकार भरून टाका. वाहक बाईच्या, म्हणजे स्वतःला दोष नाही पण पुढे देऊ शकते अशा बाईच्या गोलात मधोमध ठिपका. वारलेल्यांवर तिरकी रेघ. बायकांची माहेरची नावं लिहा, नाहीतर दोन पिढ्यांत घोळ होतो.

माहिती काढताना "कुणाला दोष होता का?" असं विचारू नका, सगळे "छे, आमच्यात नाही" म्हणतात. मी मावशीला विचारलं, आपल्याकडे मिरची कोण तोडायचं? आजोबा नंदुरबारकडचे, मिरचीच्या मुलखातले. मावशी हसली. "अण्णा? ते मिरची वाळवायच्या पथारीवर हिशोबाला बसायचे. झाडावरची लाल मिरची त्यांना दिसायचीच नाही, हिरवीच तोडून आणायचे." आजोबांचा चौकोन भरला. नुसत्या ऐकीव गोष्टीला शेजारी प्रश्नचिन्ह घालते, इथेही घातलं. पण मावशीच्या दोन मुलांपैकी धाकट्याची तपासणी झालेली होती, त्याला दोष आहे.

आता वाचा. भरलेले सगळे पुरुष, आणि त्यांना जोडणाऱ्या बायका धडधाकट. आजोबांचा एक्स प्रत्येक लेकीला जातोच, म्हणून आई आणि मावशी दोघींना ठिपका. मामा मोकळा. मला तो एक्स मिळण्याची शक्यता निम्मी होती. मुलामुळे माझाही ठिपका पक्का झाला. पुढच्या प्रत्येक मुलग्याला पुन्हा निम्मी शक्यता, आधीच्याला झालाय म्हणून पुढचा सुटत नाही.

एक जागा अडली. मावशीच्या त्याच धाकट्याला मामाची मुलगी केलीय. नात्यातलं लग्न म्हणून दुहेरी रेघ ओढली आणि पोटात गोळा आला. पण मामाच मोकळा, मग त्याच्याकडून तिला काही आलेलं नाही. त्यांच्या लेकी वाहक होतील, मुलगे सुटतील. मात्र मामीचं माहेर माझ्या कागदावर कोरं आहे. तिलाही मिरचीचंच विचारणार आहे.